चल द्विपद आहे की नाही? सूत्राला हात लावण्याआधीचे टप्पे

उत्तरपत्रिका तपासताना एक चूक सतत समोर येते. प्रश्नात नाणं, फासा किंवा सदोष वस्तू दिसली की विद्यार्थी लगेच द्विपद वितरणाचं सूत्र लिहितो, एन (प्रयत्नांची संख्या) आणि पी (एका प्रयत्नात यश मिळण्याची संभाव्यता) भरतो आणि आकडेमोडही बिनचूक करतो. तरीही उत्तर चुकतं, कारण ते चल (प्रयोगात योगायोगाने ठरणारी संख्या) द्विपद नव्हतंच, म्हणजे ठरावीक प्रयत्नांतल्या यशांची ती साधी मोजणी नव्हती. उलटही घडतं. चल सरळसरळ द्विपद असतं, पण प्रश्नात ओळखीचा शब्द नसतो, म्हणून ते हातचं जातं.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. प्रश्नातले शब्द पाहिले जातात, पण प्रयोग प्रत्यक्षात कसा घडतो ते पाहिलं जात नाही. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. एका टप्प्यावर चल अडलं की तिथेच थांबा, पुढे ढकलत नेऊ नका.

तयारी: आधी तीन ओळी लिहा

कागदावर या तीन प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहा.

- एक प्रयत्न म्हणजे नेमकं काय?
- त्या प्रयत्नात यश कशाला म्हणायचं?
- एक्स, म्हणजे प्रश्नात विचारलेलं चल, काय मोजतं?

पहिली ओळ सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच गाळली जाते. हा प्रश्न पाहा: दोन फासे एकत्र, असे १२ वेळा टाकले, तर बेरीज ७ किती वेळा येईल? इथे अनेकजण एन = २४ लिहितात, कारण फासे एकूण २४ वेळा पडले. पण बेरीज ठरते दोन्ही फासे पडल्यावर. म्हणून एक प्रयत्न म्हणजे दोन्ही फासे एकदा एकत्र टाकणं. एन = १२. यश म्हणजे बेरीज ७; ३६ जोड्यांपैकी ६ जोड्यांत ती येते, म्हणून पी = १/६. पहिली ओळ लिहिली असती तर २४ हा आकडा सुचलाच नसता.

तपासा: एका प्रयत्नानंतर थांबलात, तर 'यश मिळालं' किंवा 'नाही मिळालं' असं निश्चित सांगता येतं का? येत नसेल तर प्रयत्नाची व्याख्या अजून अर्धवट आहे.

टप्पा १: एक्स ही यशांची मोजणी आहे का?

द्विपद चल एकच काम करतं: एन प्रयत्नांत यश किती वेळा आलं ते मोजतं. म्हणून त्याच्या किमती ०, १, २ अशा एन पर्यंतच्या पूर्ण संख्या असतात, आणि पी ० किंवा १ नसेल तर त्यातली प्रत्येक किंमत शक्य असते.

फासा १२ वेळा टाकून आलेल्या आकड्यांची बेरीज ही मोजणी नाही. पहिला सहा येईपर्यंत फासा किती वेळा टाकला, ही मोजणी आहे, पण यशांची नव्हे, प्रयत्नांची. १२ पैकी किती टक्के वेळा सहा आला, हे चल द्विपदापासून काढता येतं, पण ते स्वतः द्विपद नाही, कारण त्याच्या किमती अपूर्णांकात येतात. एक्स द्विपद असेल तरी २एक्स द्विपद नसतं, कारण त्याला विषम किंमत घेताच येत नाही.

टप्पा २: एन आधीच ठरलेला आहे का?

पहिला प्रयत्न करण्याआधी 'एवढेच प्रयत्न होणार' असं सांगता आलं पाहिजे. 'येईपर्यंत', 'मिळेपर्यंत', 'होईपर्यंत' हे शब्द दिसले की थांबा. तिसरा सहा येईपर्यंत फासा टाकत राहिलात, तर यशांची संख्या ठरलेली आहे आणि प्रयत्नांची अनिश्चित. हे ऋण द्विपद वितरण आहे. नावात द्विपद आहे म्हणून फसू नका.

दुसरा प्रकार असा: ठरावीक वेळेत किती फोन आले, एका पानावर छपाईच्या किती चुका सापडल्या. इथे प्रयत्न कोणता तेच सांगता येत नाही. फोन आला तो मोजता येतो, पण 'न आलेला फोन' मोजता येत नाही. अपयश मोजता येत नसेल तर एन नाही, आणि एन नसेल तर द्विपद नाही. अशा वेळी बहुधा पॉयसन वितरणाकडे पाहावं लागतं.

तिसरा प्रकार लपलेला असतो. आधी एक फासा टाका, जितका आकडा येईल तितकी नाणी उडवा आणि छापे मोजा. एन स्वतःच नशिबावर सोडला आहे, म्हणून छाप्यांची संख्या द्विपद नाही. फाशावर ४ आल्याचं कळल्यानंतर मात्र ती द्विपद होते, एन = ४ आणि पी = १/२ घेऊन. प्रश्न कोणत्या क्षणी विचारला आहे, यावर उत्तर अवलंबून आहे.

टप्पा ३: निकाल दोनच गटांत बसतात का?

या टप्प्यावर फार वेळ घालवू नका. फाशाला सहा बाजू आहेत म्हणून तो द्विपद नाही, असं काहीजण लिहितात. ते चूक आहे. निकाल किती आहेत याला महत्त्व नाही. तुम्ही ते 'यश' आणि 'यश नाही' अशा दोन पेट्यांत टाकू शकता का, एवढंच पाहायचं. 'सहा आला' आणि 'सहा आला नाही' या दोन पेट्या पुरेशा आहेत.

सावधान: पी = १/२ असणं ही अट नाही. यश म्हणजे काहीतरी चांगलं असायला हवं, अशीही अट नाही. सदोष बल्ब मोजत असाल तर बल्ब सदोष निघणं हेच यश.

टप्पा ४: पी प्रत्येक प्रयत्नात सारखीच आहे का?

इथे फक्त एवढंच विचारा: काहीही घडण्याआधी, पहिल्या प्रयत्नाची पी किती, पाचव्याची किती, शेवटच्याची किती? आधीच्या निकालांचा विचार या टप्प्यावर आणायचा नाही. तो पुढच्या टप्प्याचा विषय आहे, आणि हे दोन टप्पे एकमेकांत मिसळल्यामुळेच सर्वांत जास्त घोटाळा होतो.

समजा २० प्रश्नांची परीक्षा आहे. १० प्रश्नांना चार पर्याय आहेत आणि १० प्रश्न चूक-की-बरोबर प्रकारचे. सगळी उत्तरं अंदाजाने दिली. पहिल्या गटात पी = १/४, दुसऱ्यात १/२. एकूण बरोबर उत्तरांची संख्या द्विपद नाही. 'सरासरी पी ०.३७५ घेऊ' हा मोह इथे होतो आणि अपेक्षित किंमत (म्हणजे सरासरी) बरोबरच येते: २० × ०.३७५ = ७.५, आणि खरी अपेक्षित किंमतही २.५ + ५ = ७.५. म्हणून चूक पकडली जात नाही. विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, काढून पाहिलं की फरक दिसतो. सरासरी पी वापरली तर २० × ०.३७५ × ०.६२५ = ४.६८७५ येतं. खरं विचरण १.८७५ + २.५ = ४.३७५ आहे.

यातून मार्ग सोपा आहे. दोन गट वेगळे करा. प्रत्येक गटातली बरोबर उत्तरं स्वतंत्रपणे द्विपद आहेत. दोन स्वतंत्र द्विपद चलांची बेरीज पुन्हा द्विपद होते ती दोन्हींची पी सारखी असेल तेव्हाच (पी ० किंवा १ असली तर गोष्ट वेगळी).

टप्पा ५: प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का?

बहुतेक उत्तरांत 'प्रयत्न स्वतंत्र आहेत' ही ओळ सवयीने लिहिलेली असते, तपासून नव्हे. म्हणून इथे रेंगाळू या.

विचारायचा प्रश्न असा: आधीच्या प्रयत्नांचे निकाल मला कळले, तर पुढच्या प्रयत्नाच्या यशाबद्दलचा माझा अंदाज बदलतो का? बदलत असेल तर प्रयत्न स्वतंत्र नाहीत.

पत्त्यांपासून सुरुवात करू. ५२ पत्त्यांतून परत न ठेवता ५ पत्ते काढले. बदामाचे किती आले? 'पी बदलत जाते म्हणून द्विपद नाही' हे उत्तर मी शेकडो वेळा वाचलं आहे. निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचं. काहीही माहीत नसताना पाचवा पत्ता बदामाचा असण्याची संभाव्यता १३/५२ च आहे, अगदी पहिल्या पत्त्याइतकीच. म्हणजे टप्पा ४ पार होतो. मोडतं ते स्वातंत्र्य. पहिला पत्ता बदामाचा निघाल्याचं कळलं तर दुसऱ्यासाठी १२/५१, नाही निघाल्याचं कळलं तर १३/५१. या चलाचं वितरण हायपरजिओमेट्रिक आहे. बरोबर दोन बदाम येण्याची संभाव्यता सुमारे ०.२७४ आहे; द्विपद सूत्र ०.२६४ देतं.

आता थोडं अवघड उदाहरण. पिशवीत दोन नाणी आहेत. एकाची छापा पडण्याची संभाव्यता ०.३, दुसऱ्याची ०.७. डोळे मिटून एक नाणं काढलं आणि तेच १० वेळा उडवलं. प्रत्येक फेकीत, आधीचं काही माहीत नसताना, छाप्याची संभाव्यता ०.५ आहे. नाण्याला स्मृती नसते, म्हणून फेकी स्वतंत्र आहेत असं वाटतं. पण पहिली फेक छापा निघाली तर माझ्या हातात ०.७ वालं नाणं असण्याची शक्यता वाढते, आणि दुसऱ्या फेकीत छापा पडण्याची संभाव्यता ०.५ वरून ०.५८ होते. फेकी एकमेकींवर परिणाम करत नाहीत हे खरं, पण सगळ्यांमागे एकच न कळलेली गोष्ट उभी आहे, आणि तीच त्यांना जोडते. द्विपद मानलं तर विचरण २.५ येईल. खरं विचरण ६.१ आहे, दुपटीहून जास्त.

याच पिशवीतून प्रत्येक फेकीआधी नव्याने नाणं काढून परत ठेवत गेलात, तर चल चोख द्विपद होतं, पी = ०.५. साहित्य तेच, नाणी तीच, फक्त निवड कधी केली एवढाच फरक. प्रश्नातलं 'एकदा' किंवा 'प्रत्येक वेळी' हे अव्यय म्हणूनच अधोरेखित करून ठेवा.

तिसरी जागा म्हणजे एकावर एक चढलेले प्रयत्न. नाणं १० वेळा उडवलं. लागोपाठच्या दोन फेकी म्हणजे एक जोडी, अशा ९ जोड्या. त्यातल्या किती जोड्यांत दोन्ही छापे आले? प्रत्येक जोडीसाठी पी = १/४, एन = ९, सगळं ठाकठीक दिसतं. पण शेजारच्या दोन जोड्यांत एक फेक सामाईक आहे. सर्व ९ जोड्या यशस्वी व्हायच्या तर दहाही फेकी छापा हव्यात, म्हणजे संभाव्यता १/१०२४. द्विपद सूत्र इथे १/२६२१४४ सांगतं. १ ली-२ री, ३ री-४ थी अशा न चढणाऱ्या ५ जोड्या घेतल्या असत्या, तर चल द्विपदच होतं.

तपासा (टोकाची चाचणी): टोकाच्या किमती घेऊन पाहा. १० पत्रं १० पाकिटांत कशीही घातली. बरोबर पाकिटात किती गेली? प्रत्येक पत्रासाठी पी = १/१०. पण बरोबर ९ पत्रं योग्य पाकिटात गेली, तर दहावं आपोआप योग्य जागी जातं. म्हणजे एक्स = ९ अशक्य आहे. द्विपद चलाला मधली एकही किंमत वर्ज्य नसते, त्यामुळे हे द्विपद नाही. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि अनेक लपलेले संबंध उघडे पाडते.

टप्पा ६: परत न ठेवता नमुना घेतला असेल तर त्याचा आकार पाहा

व्यवहारात नमुना बहुतेक वेळा परत न ठेवताच घेतला जातो. मग द्विपद कधीच वापरायचं नाही का? वापरता येतं, पण अंदाज म्हणून. प्रचलित नियम असा की नमुना संपूर्ण समूहाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.

हा नियम नुसता पाठ करण्याऐवजी एकदा आकड्यांत पाहा. १००० बल्बांपैकी ५० सदोष आहेत आणि २० बल्ब तपासले. एकही सदोष न निघण्याची द्विपद संभाव्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे ०.३५८. अचूक उत्तर सुमारे ०.३५५. फरक नगण्य. आता ४० बल्बांपैकी २ सदोष आहेत आणि २० तपासले. सदोषांचं प्रमाण तेच ५ टक्के, नमुना तोच २० चा, त्यामुळे द्विपद उत्तरही तेच ०.३५८. पण अचूक उत्तर (२० × १९) / (४० × ३९), म्हणजे ०.२४४ आहे. दुसऱ्या वेळी आपण निम्मा समूह उचलला होता.

सावधान: समूहाचा आकार दिलेला नसेल आणि 'मोठ्या प्रमाणातल्या उत्पादनातून' असं म्हटलं असेल, तर द्विपद घ्या, पण 'नमुना समूहाच्या मानाने लहान धरला आहे' हे वाक्य उत्तरात लिहा. नमुना खरोखर यादृच्छिक हवा, हेही विसरू नका. एकाच खोक्यातले लागोपाठचे बल्ब घेतले, तर टप्पा ५ मधली पिशवीतल्या नाण्यांची अडचण परत येते: ते खोकंच खराब असू शकतं.

टप्पा ७: हाती आकडे असतील तर विचरण तपासा

प्रयोग अनेकदा करून एक्सच्या बऱ्याच किमती जमल्या असतील, तर त्यांची सरासरी आणि विचरण काढा. द्विपद चलात सरासरी एन × पी आणि विचरण एन × पी × (१ − पी) असतं, म्हणजे विचरण सरासरीपेक्षा कमीच. नुसत्या सरासरीवर विश्वास ठेवू नका. वरच्या चुकलेल्या उदाहरणांत, परीक्षा, पत्ते, पिशवी, जोड्या, पत्रं या सगळ्यांत, सरासरी एन × पी इतकीच येते. प्रयत्न स्वतंत्र नसले तरी सरासरी बिघडत नाही, त्यामुळे ती जुळली यावरून काहीच सिद्ध होत नाही.

विचरण कोणत्या बाजूला सरकलं आहे, हे फार उपयोगी पडतं. पिशवीतल्या नाण्यात २.५ ऐवजी ६.१ आणि चढलेल्या जोड्यांत सुमारे १.६९ ऐवजी २.६९, म्हणजे जास्त: यशं घोळक्याने येत होती. पत्त्यांत ०.९३८ ऐवजी ०.८६४ आणि परीक्षेत ४.६९ ऐवजी ४.३८, म्हणजे कमी: पत्त्यांत एक यश दुसऱ्याची जागा खात होतं, परीक्षेत पी वेगवेगळ्या पण आधीच ठरलेल्या होत्या. जास्त आलं तर सामाईक कारण शोधा. कमी आलं तर परत न ठेवता निवड झाली का, किंवा पी वेगवेगळ्या होत्या का, ते पाहा.

थोडाफार फरक योगायोगानेही येतो, तेव्हा दहा-बारा किमतींवरून निकाल देऊ नका. आणि विचरण जुळलं म्हणून चल द्विपद ठरत नाही, फक्त त्याच्याविरुद्धचा एक पुरावा मिळाला नाही इतकंच.

टप्पा ८: आता लिहा

सगळे टप्पे पार झाल्यावरच 'एक्स द्विपद आहे, एन = १२, पी = १/६' असं लिहा आणि त्याखाली प्रत्येक अट त्या प्रश्नाच्या भाषेत मांडा. 'प्रयत्न स्वतंत्र आहेत' एवढं पुरत नाही. 'एका वेळच्या फाशांचा निकाल कळल्याने पुढच्या वेळची बेरीज ७ येण्याची संभाव्यता बदलत नाही' असं लिहा. अट प्रश्नाच्या शब्दांत लिहिता येत नसेल, तर ती तपासलेली नाही असं समजा.

अपयशं मोजायची असतील तर तीही द्विपद असतात, एन तोच आणि पी च्या जागी १ − पी. 'किमान एक' विचारलं असेल तर हा बदल बराच वेळ वाचवतो.

सरावासाठी एक उदाहरण

फासा १० वेळा टाका. ज्या वेळी सहा येईल, त्या वेळी लगेच एक नाणंही उडवा. छापे किती आले?

पहिल्या नजरेला हे टप्पा २ मध्येच अडेल असं वाटतं: नाणं किती वेळा उडवणार हे आधी ठरलेलं नाही. पण तयारीच्या पहिल्या ओळीकडे परत जा. नाण्याची फेक हाच प्रयत्न, असं कोणी सांगितलं? एक प्रयत्न म्हणजे फासा टाकणं आणि सहा आला तर नाणं उडवणं, अशी व्याख्या करा. असे १० प्रयत्न होणार हे आधीच ठरलेलं आहे. यश म्हणजे सहा येऊन नंतर छापा पडणं; त्याची संभाव्यता १/६ × १/२ = १/१२, दहाही वेळा तीच. एका प्रयत्नाचा निकाल कळून दुसऱ्याबद्दल काही कळत नाही. म्हणून हे चल द्विपद आहे, एन = १० आणि पी = १/१२.